कॅसेट महाग कुणाला होती?

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या दुकानात नव्या चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट विकत घ्यायची, तर खोक्यावर ७९.९५ किंवा ८९.९५ डॉलर असा आकडा छापलेला असे. १९८५च्या दराने ऐंशी डॉलर म्हणजे जवळपास हजार रुपये. त्याच बाजारात त्याच मापाची कोरी कॅसेट या किमतीच्या लहानशा हिश्शात मिळे, आणि तोच चित्रपट एका रात्रीसाठी भाड्याने नेला तर दोन-तीन डॉलरांत काम भागे. इकडे जळगाव-धुळ्याच्या गल्ल्यांत कॅसेट विकत घ्यायचा विचारही कुणाच्या मनात येत नसे. ती लायब्ररीतून आणायची, रात्रभर पाहायची आणि सकाळी परत करायची. तिकडे वस्तू महाग आणि इकडे खिसा हलका, अशी या दोन चित्रांची सोपी फोड करता येईल. मला ती पटत नाही. खोक्यावरची किंमत घरासाठी ठरवलेलीच नव्हती. चित्रपटाचा मालक आणि तो भाड्याने देणारा दुकानदार यांच्या आपसातल्या हिशेबाची ती रक्कम होती आणि तिचं मूळ कायद्यात होतं. घरातला माणूस त्या व्यवहारात कुठेच नव्हता, म्हणून त्याला ती अचाट वाटली.

सगळ्यात आधी येतो तो खर्चाचा आक्षेप. व्हीएचएस कॅसेटच्या पाठीचे पाच स्क्रू काढले की आत दोन चक्र्या, फीत ताणून धरणारे बारके रूळ आणि पुढची झडप मिटवणारी स्प्रिंग दिसते. चक्रीवर अर्धा इंच रुंदीची फीत गुंडाळलेली असते. आपल्याकडच्या तीन तासांच्या ई-१८० कॅसेटमध्ये ती अडीचशे मीटरहून लांब भरे. (हिंदी चित्रपट तीन तासांच्या वर गेला की तो एका कॅसेटमध्ये मावत नसे, मग एखादं गाणं कापलं जाई. घरी चित्रपट पाहिलेल्या कित्येकांना ते गाणं चित्रपटात आहे हेच ठाऊक नसे.) नक्कल करायचं कामही वेळखाऊ होतं. ग्रामोफोनची तबकडी ठशातून निघते, तशी फीत निघत नाही. तीन तासांच्या चित्रपटाच्या एका प्रतीला साधारण तीन तास लागत. म्हणून कारखान्यात शेकडो व्हीसीआर फळ्यांवर मांडून एका मास्टरवरून एकदम प्रती काढत. हा खर्च खोटा नाही. पण कोऱ्या कॅसेटच्या किमतीत फीत, डबी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा हे सगळं आलेलंच असतं. त्यावर रेकॉर्डिंगची मजुरी आणि छापील खोकं चढवलं, तरी ऐंशी डॉलर होत नाहीत. चित्रपट काढायलाच कोट्यवधी लागतात हेही खरं, पण त्याची वसुली किती जणांकडून करायची हा प्रश्न उरतोच. थोड्यांकडून भरपूर घ्यायचं की पुष्कळांकडून थोडं? स्टुडिओंनी पहिला रस्ता धरला. त्याचं कारण १९७७ साली घडलेल्या एका व्यवहारात सापडतं.

सोनीचं बीटामॅक्स १९७५ साली बाजारात आलं आणि जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ साली. हॉलिवूडच्या बड्या कंपन्या या यंत्रांकडे संशयानेच बघत होत्या. युनिव्हर्सल आणि डिस्नी यांनी तर सोनीला कोर्टात खेचलं, आणि तो खटला १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सोनीच्या बाजूने सुटला. दरम्यान आंद्रे ब्ले नावाच्या उद्योजकाने १९७७ साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचे हक्क घेतले आणि त्यांच्या कॅसेटी विकायला काढल्या. किंमत ४९.९५ डॉलर. म्हणजे विकत घेऊन कपाटात ठेवायची वस्तू म्हणूनच कॅसेटचा जन्म झाला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज ॲटकिन्सन नावाच्या गृहस्थाने त्या पन्नासही चित्रपटांच्या कॅसेटी विकत आणल्या आणि दिवसाला दहा डॉलर भाड्याने द्यायला सुरुवात केली. फॉक्सने त्याला परवानगी दिली नव्हती, आणि त्याला ती लागतही नव्हती. अमेरिकी कायद्यात पहिल्या विक्रीचा म्हणून एक सिद्धांत आहे. लेखक-प्रकाशकाने प्रत एकदा विकली की त्या प्रतीवरचा त्याचा ताबा संपतो. घेणाऱ्याने ती पुढे विकावी, उसनी द्यावी, भाड्याने द्यावी. नवी प्रत तेवढी काढायची नाही. पुस्तकांच्या एका खटल्यात १९०८ साली पक्का झालेला हा नियम कॅसेटला जसाच्या तसा लागू पडला.

इथून पुढचं गणित लहान मुलालाही सोडवता येईल. एक कॅसेट शंभर घरांत फिरली, तरी चित्रपटाच्या मालकाला पैसे मिळणार एकदाच, ती दुकानात जाताना. मग शंभर घरांतला आपला वाटा त्याने त्या एकाच क्षणी कापून घ्यायचं ठरवलं तर नवल काय? किंमत पन्नासावरून ऐंशी-नव्वदवर गेली. दुकानदाराला घाऊक भावात ती साठ-पासष्ट डॉलरला पडे आणि पंचवीस-तीस भाड्यांत वसूल होई. त्यापुढचा सगळा त्याचा नफा. लग्नाच्या मोठ्या पातेल्याची किंमत मंडपवाल्याने विचारायची असते, वरबापाने फक्त भाडं विचारायचं, तसाच हा व्यवहार. स्टुडिओंनी दुसरे मार्गही करून पाहिले. डिस्नीने भाड्याच्या आणि विक्रीच्या कॅसेटींसाठी वेगळ्या रंगांची खोकी काढली, वॉर्नरने कॅसेट विकायचीच नाही, फक्त भाड्यानेच पुरवायची असा घाट घातला. दुकानदारांनी दोन्ही बेत हाणून पाडले. मग स्टुडिओ कायदा बदलून घ्यायला गेले. १९८४ साली अमेरिकी संसदेने ध्वनिमुद्रिकांच्या भाड्यावर मालकाचा हक्क मान्य केला, व्हिडिओचं विधेयक मात्र अडलं. कायदा हलत नाही म्हटल्यावर हातात उरली ती किंमत.

हा खेळ व्हिडिओच्या शंभर वर्षं आधी होऊन गेलेला आहे, आणि तोही पुस्तकांत. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत दीड गिनी, म्हणजे साडेएकतीस शिलिंग असे. मजुराच्या आठवड्याच्या कमाईहून ही रक्कम मोठी. एवढी महाग कादंबरी घ्यायचं कोण? घेत असत मुडीसारखी फिरती वाचनालयं. वर्षाची एक गिनी वर्गणी भरून वाचक एका वेळी एक खंड घरी नेई. तीन खंड असले की एकच कादंबरी एकाच वेळी तीन घरांत फिरे, म्हणून वाचनालयांनाही तीन खंडच हवे असत. वाचक, वाचनालय आणि प्रकाशक तिघेही खूश, आणि छापील किंमत मात्र अशी की कुणी सामान्य माणूस ती देणार नाही. ही पद्धत कागद-शाई स्वस्त झाल्याने मोडली नाही. १८९४ साली मुडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दोन बड्या वाचनालयांनी खंडाला चार शिलिंगांहून जास्त देणार नाही असं जाहीर केलं आणि तीन-चार वर्षांत तीन खंडांची कादंबरी बाजारातून नाहीशी झाली. जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ सालचं, धुळ्याचं गरुड वाचनालयही जुनंच. तिथल्या सभासदांना उसनं वाचायची सवय पिढ्यांची होती, पण मराठी पुस्तकाची किंमत कधी वाचनालय हाच गिऱ्हाईक धरून ठरली नाही. पुस्तक उसनं मिळतं एवढ्याने ते महाग होत नाही. बहुतेक माल उसनं देणाऱ्यांकडेच खपतो असा विक्रेत्याचा हिशेब झाला, तरच होतं.

यावर कुणी म्हणेल, सुरुवातीला व्हीसीआर मूठभर श्रीमंतांकडेच होते, नवी वस्तू पहिल्यांदा महागच असते, पुढे आपोआप उतरते. तसं झालं असतं तर यंत्रं घरोघर गेल्यावर कॅसेट स्वस्त व्हायला हवी होती. १९८७-८८च्या सुमारास अमेरिकेतल्या निम्म्याअधिक घरांत व्हीसीआर होता, आणि बहुतेक नव्या चित्रपटांच्या कॅसेटी अजूनही नव्वद डॉलरच्या आसपासच होत्या. त्याच वेळी काही निवडक चित्रपटांचा भाव एकदम वेगळा होता. पॅरामाउंटने १९८२ साली 'स्टार ट्रेक'चा दुसरा भाग ३९.९५ला काढला. 'टॉप गन' १९८७ साली २६.९५ला आला, सुरुवातीला पेप्सीची जाहिरात लावून. 'ई.टी.' १९८८ साली २४.९५ला आला आणि त्याच्या प्रती कोटीच्या पुढे खपल्या. फीत तीच, डबी तीच, कारखानाही तोच. फरक कसला, तर हे चित्रपट मुलं पुन्हा पुन्हा पाहतील, लोक ते भेट म्हणून देतील, असा स्टुडिओचा अंदाज होता. जो चित्रपट एकदाच पाहायचा, तो दुकानदाराला विकायचा. जो वीसदा पाहिला जाईल, तो घराला. एकाच मालाचे दोन भाव इतक्या उघडपणे लावलेले असताना खर्चाची सबब टिकत नाही.

आता खानदेशाकडे येऊ. दिल्लीत १९८२च्या नोव्हेंबरात आशियाई खेळ झाले, त्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं आणि परदेशातून टीव्ही-व्हीसीआर आणण्याचे नियमही सैल झाले. यंत्र तरीही नोकरदाराच्या अनेक महिन्यांच्या पगाराएवढं महाग. त्यामुळे आपल्याकडे कॅसेटच नव्हे, यंत्रही भाड्यानेच घरी आलं. मुंबईत शेमारूसारखं दुकान १९६२ साली पुस्तकांची फिरती लायब्ररी म्हणून सुरू झालं होतं, ते १९७९ साली व्हिडिओच्या भाड्याकडे वळलं. 'व्हिडिओ लायब्ररी' हे नाव आपल्याकडे रुळलं त्यात काही नवल नाही. धंदा तोच होता, माल तेवढा बदलला. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर अशा गावांत लायब्ररीवाला रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन पिच्चर असा रात्रीचा एकच सौदा करी. हातगाडीवर किंवा सायकलच्या कॅरियरला बांधून टीव्ही यायचा. वर्गणी गल्लीची. ओट्यावर टीव्ही मांडायचा, बायका-पोरं सतरंजीवर पुढे, बापे मागे उभे. पहिला पिच्चर धार्मिक किंवा कौटुंबिक, मग मारधाडीचा, आणि तिसऱ्याला पोरं झोपलेली. मुंग्या यायला लागल्या की ट्रॅकिंगचं चाक फिरवायचं, तेवढ्याने भागलं नाही तर हेड साफ करायचं. या सौद्यात कॅसेटची विक्रीची किंमत पाहणाऱ्याच्या कानावरही पडत नसे. ती फक्त एका प्रसंगी समोर येई, कॅसेट हरवली किंवा फीत यंत्रात अडकून चुरगळली की. मग लायब्ररीवाल्याच्या वहीतलं डिपॉझिट जाई आणि वर बोलणीही खावी लागत. रातराणीच्या व्हिडिओ कोचमध्येही तेच. जळगावहून पुण्याला किंवा धुळ्याहून मुंबईला जाणारा प्रवासी तिकिटाबरोबर एक चित्रपट भाड्याने घेत होता, फक्त तसा कुणी हिशेब मांडत नव्हतं.

इथे माझ्या मांडणीवर सगळ्यात जड आक्षेप येतो. अमेरिकेत दुकानदार ऐंशी डॉलरची अस्सल प्रत घेत होता. आपल्याकडच्या लायब्ररीत बहुतेक माल नकली होता, चौथ्या-पाचव्या हाताची प्रत, रंग पसरलेले, आवाज घोगरा. चोरीचा माल फिरवणाऱ्याला किंमत कसली आणि कायदा कसला? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. पण नकली माल का होता, तर अस्सल माल मिळतच नव्हता. हिंदी निर्माते परदेशातले व्हिडिओ हक्क विकत, देशातले विकायला कचरत. आखातासाठी गेलेल्या प्रतीवरून नकला निघत आणि त्या परत येत. चित्रपट टॉकीजला लागतो न लागतो तोच त्याची कॅसेट गल्लीत हजर. निर्मात्याचं पोट थिएटरच्या तिकिटावर होतं आणि थिएटरवाल्यांना कॅसेट डोळ्यांसमोर नको होती. १९९४ साली 'हम आपके हैं कौन..!' आला, तेव्हा राजश्री या निर्मितीसंस्थेने व्हिडिओ बाजारात न आणता चित्रपट टॉकीजमध्येच ठेवायचा हट्ट धरला आणि तो पैशाच्या हिशेबाने बरोबर ठरला. माल बाजारात आणायचाच नाही, हाही एक भावच झाला, सगळ्यात चढा.

आणि या भावात खानदेशाचा स्वतःचा हात होता. मुंबई, नागपूर आणि इटारसीकडचे रेल्वेमार्ग जिथे एकत्र येतात, त्या भुसावळच्या जंक्शनवरून चित्रपटाच्या पेट्या गावोगाव जायच्या. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही मध्य भारताच्या पट्ट्यातल्या वितरक-प्रदर्शकांची संघटनाही भुसावळचीच. चित्रपट कुठे, कधी आणि कुणाच्या हातून लागेल, यावर अशा संघटनांचं वजन मोठं. चित्रपटगृहात लागल्यानंतर ठरावीक काळ उलटल्याखेरीज तो सीडीवर किंवा उपग्रह वाहिनीवर येऊ नये, असल्या अटी त्या घालत. २०१२च्या फेब्रुवारीत भारतीय स्पर्धा आयोगाने देशातल्या अशा अनेक संघटनांविरुद्ध निकाल दिला, त्यांत भुसावळची संघटनाही होती. दंड तर झालाच, शिवाय थांबण्याचा हा काळ संघटनांनी लादू नये, तो ज्याच्या-त्याच्या करारावर सोडावा, असंही आयोगाने बजावलं. निकाल सीडीच्या शेवटच्या दिवसांत आला, पण तो ज्या प्रथेवर होता ती जुनीच. जळगावच्या गल्लीत नवा पिच्चर नकली कॅसेटवर पाहिला जात होता, आणि अस्सल कॅसेट उशिरा यावी म्हणून अटी घालणारी संघटना त्याच जिल्ह्यात, पंचवीस किलोमीटरवर होती. थिएटरवाल्यांना यात खलनायक ठरवायची मला घाई नाही. करमणूक कर भरून, पंखे आणि खुर्च्या सांभाळून ते तिकीट विकत होते आणि शेजारच्या पत्र्याच्या खोलीत व्हिडिओ पार्लरवाला तोच चित्रपट किरकोळ पैशात दाखवत होता. पार्लर हेही सिनेमागृहच आहे आणि त्याला परवाना लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं तेही १९९३ साली, हरियाणातल्या एका प्रकरणात.

सरकारने हात बांधून बसायचं ठरवलं होतं असं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन व्हिडिओची नक्कल हा चांगलाच महाग गुन्हा झाला, कमीत कमी सहा महिने कैद आणि पन्नास हजार दंड. कॅसेटच्या खोक्यावर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि परवानगी घेतल्याचं निवेदन छापणं सक्तीचं झालं. कायदेशीर कॅसेट काढणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि त्यांनी भाव खाली ठेवण्यासाठी एक देशी उपाय शोधला. चित्रपटाआधी जाहिराती, मध्ये जाहिराती, आणि नायिका रडत असताना पडद्याच्या तळातून सरकणाऱ्या जाहिरातींच्या ओळी. पाहणाऱ्याला त्याचा वैताग येई, पण अर्थ साधा होता. भाड्यातला वाटा मालकाला मिळत नाही, दुकानदार ऐंशी डॉलर देणार नाही, मग पाहणाऱ्याचे डोळे तिसऱ्यालाच विकायचे.

१९९४ साली मात्र माझ्या मुद्द्याची खरी परीक्षा झाली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने चित्रपटाची प्रत विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा हक्क मालकाला दिला, आणि तो प्रत आधी विकली गेली असली तरी शाबूत राहील असं स्पष्ट लिहिलं. अमेरिकेतल्या पहिल्या विक्रीच्या नियमाच्या हे बरोबर उलटं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली याच आधारावर, अमेरिकेतून रीतसर विकत आणलेल्या डीव्हीडीसुद्धा दिल्लीत परवानगीशिवाय भाड्याने देता येणार नाहीत असं ठरवलं. मग माझ्या हिशेबाने १९९४ नंतर भारतात कॅसेटची विक्री-किंमत धडाधड उतरायला हवी होती, कारण मालकाला आता भाड्यातून वेगळा वाटा मागता येत होता. तसं घडलं नाही. कागदावरचा हक्क वसूल करायला प्रत्येक लायब्ररीच्या वहीपर्यंत पोहोचावं लागतं, आणि चोपडा-शहाद्याच्या लायब्ररीची वही तपासायला मुंबईचा निर्माता येणार नव्हता. शिवाय तोवर केबलवाला आला होता. त्याने एका खोलीत एक व्हीसीआर मांडला आणि एकच कॅसेट तारेने अख्ख्या पेठेला दाखवली. केबलवर नियम बसवणारा कायदा १९९५ साली झाला, त्याआधीच लायब्ररीचं गिऱ्हाईक त्याने पळवलं होतं. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या शेवटी ब्लॉकबस्टर या भाड्याच्या दुकानांच्या साखळीने स्टुडिओंशी भाड्यातला वाटा देण्याचे करार केले आणि पासष्ट डॉलरच्या जागी मोजके डॉलर रोख देऊन कॅसेटी घेऊ लागली. तिथे वाटा संगणकावर मोजता येत होता. किंमत कायद्यावरून ठरते असं मी म्हटलं, त्याला ही पुरवणी जोडायला हवी: अंमलात आणता येईल अशा कायद्यावरून.

आणखी एक प्रश्न कुणी तरी विचारायला हवा. त्याच वर्षांत, त्याच देशात, त्याच नकलेच्या बाजारात ऑडिओ कॅसेट इतकी स्वस्त कशी झाली? गुलशन कुमारांच्या टी-सिरीजने ऐंशीच्या दशकात गाण्याची कॅसेट पानटपरीपर्यंत नेली. खानदेशात अहिराणी लग्नगीतं आणि कानबाईची गाणी बाजारच्या दिवशी कॅसेटवर विकली जाऊ लागली. चुंबकीय फीत तिथेही, नकलेचं भय तिथेही. पण गाण्याची कॅसेट कुणी एका रात्रीसाठी भाड्याने नेत नाही. गाणं शंभरदा ऐकायचं असतं, म्हणून ते घरातच हवं. गिऱ्हाईक घर ठरलं आणि किंमतही घराच्या खिशाला बसेल अशी ठरली. ऐकायच्या आणि बघायच्या फितीतला हा फरक यंत्राच्या रचनेत शोधून सापडणार नाही. माणूस ती किती वेळा लावतो, एवढ्यात तो आहे. टी-सिरीजने १९८९ साली 'लाल दुपट्टा मलमल का' थेट व्हिडिओवर काढला, तोही गाण्यांच्या जोरावर.

पुढे सीडी आली. व्हीसीडीची तबकडी काही सेकंदांत ठशातून निघते, तिला मीटरभरही फीत लागत नाही. खर्चच किंमत ठरवत असता, तर जळगावच्या गोलाणी मार्केटात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर अस्सल व्हीसीडी पहिल्या दिवसापासून वडापावच्या भावात मिळाली असती. प्रत्यक्षात बरीच वर्षं ती शंभराच्या पुढेच राहिली आणि शेजारी फुटपाथवर नकली तिच्या चतुर्थांशात. २००६-०७ साली मोझर बेअर या कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने चित्रपटांचे हक्क घेऊन व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. तंत्र तेच, पोलीस तेच. कंपनीने फक्त गिऱ्हाईक बदललं. दुकानदाराला विसरून तिने फुटपाथवरच्या खरेदीदाराशी भाव जुळवला. तिचं पुढे दिवाळं निघालं, २०१८ साली ती मोडीत काढण्याचा आदेश झाला, पण त्याची कारणं सौर ऊर्जेतल्या गुंतवणुकीपासून डिस्कच्या मागणीपर्यंत पसरलेली आहेत. २८ रुपयांत व्हीसीडी विकता येते, एवढं तिने दाखवून दिलं होतं.

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने तासाभरावर मालेगाव आहे. जिल्हा नाशिक, बोली आणि बाजार अर्धा खानदेशी. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली यंत्रमागाच्या गावातले हौशी कलाकार जमवून 'मालेगाव के शोले' काढला, सुमारे पन्नास हजारांत, व्हिडिओवरच. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कॅसेटी लावणाऱ्या पार्लरवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. चित्रपट आपलाच असला की त्याचं भाडंही आपलं आणि तिकीटही आपलं, मध्ये ना मुंबईचा हक्कदार, ना दुबईचा मास्टर. पुढे खानदेशी बोलीतल्या विनोदी चित्रफितींचा जो बाजार सीडीवर आणि मग मोबाइलवर उभा राहिला, त्याचं बीज तिथे दिसतं. त्या सीडी कधीच महाग नव्हत्या.

आज मोबाइलवर एखादा चित्रपट शोधला, तर काही ठिकाणी एकाखाली एक दोन भाव दिसतात: भाड्याने आणि विकत. भाड्याचा चित्रपट एकदा सुरू केला की साधारण दोन दिवसांत मिटतो, विकतचा खात्यात राहतो. दोन्ही भाव मालकच ठरवतो आणि प्रत्येक भाड्यातला वाटा त्याला आपोआप पोहोचतो. विकतचा भाव भाड्याच्या तीनपट-चौपट असतो. १९८५ साली हेच प्रमाण तीसपट होतं. मात्र विकत घेतलेला तो चित्रपट शेजारच्याला उसना देता येत नाही, गल्लीत वर्गणीने दाखवता येत नाही, आणि कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने ना-नफा वाचनालयांना कायदेशीर प्रत उसनी द्यायची जी मोकळीक दिली, तिच्यासाठी गरुड वाचनालयाच्या कपाटात ठेवायला काही हातातच येत नाही. थिएटरवाल्यांनीही आपली बाजू सोडलेली नाही. २०२२पासून मल्टिप्लेक्सवाले हिंदी चित्रपट ओटीटीवर येण्याआधी आठ आठवडे मागतात, आणि निर्माते ते बहुधा देतात.